समोरच्या गॅलरीचा कोन

ज्या छऱ्याने माझ्या बाबांचा उजवा डोळा गेला तो कुठून आला, हे मी मोजून काढलं. मी परळच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि त्या मोजणीला दहावीच्या मुलांना येतं त्याहून फारसं जास्त गणित लागलं नाही. पण माझं मोजून होईपर्यंत एका माणसाची मांडी आणि जबडा मोडून झाला होता, आणि मोजून झाल्यावर दुसऱ्याचे दात पडले. चाळीत अजून लोक म्हणतात की मास्तरणीने घर बुडवलं. त्यांचं त्यांच्यापाशी. जे झालं ते असं झालं.

लालबागची आमची चाळ म्हणजे समोरासमोर दोन लांब इमारती आणि मध्ये चौक. दोन्हींच्या गॅलऱ्या चौकाकडे तोंड करून. आम्ही दुसऱ्या मजल्यावर: मी, बाबा आणि माझा धाकटा भाऊ. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं नाही आणि भावाचं ठरत नव्हतं. तो लोअर परळच्या ऑफिसांमध्ये एसी दुरुस्त करायला जायचा. बाबा पोस्टातून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे, आणि रोज सकाळी गॅलरीत उभं राहून कबुतरांना ज्वारी घालणं हे त्यांचं दिवसातलं मोठं काम.

समोरच्या इमारतीत, आमच्या खोलीच्या बरोबर समोर पण एक मजला खाली, एक काका राहायचे. आमचे नातेवाईक नव्हेत, पण आम्ही काकाच म्हणायचो. माझ्या भावाला त्याच चौकात बॅट धरायला त्यांनी शिकवलं होतं. आदल्या वर्षी काकू गेल्या. फुप्फुसं निकामी झाली होती, घरात ऑक्सिजनचं सिलिंडर आणून ठेवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कबुतरांच्या विष्ठेची धूळ हे कारण असू शकतं. त्या आजारपणातच काका आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले नाहीत, दारातच हात जोडून बाबांना म्हणाले, ‘‘भाऊ, दाणे टाकणं बंद करा. हिला श्वास लागतो.’’

बाबांनी बंद केलं. काकू गेल्यावर थोडे दिवस बंद राहिलं आणि मग पुन्हा सुरू झालं. मी बाबांशी भांडले, तर म्हणाले, ‘‘आता ती बाय गेली. मुक्या जीवांनी काय केलां?’’ काका त्यानंतर काही बोलायला आले नाहीत. कधी गॅलरीत दिसले तर आमच्याकडे बघायचे आणि आत जायचे. मला वाटलं होतं, दुःख आहे, जाईल.

समोरच्या इमारतीच्या मागे एक टॉवर बांधला जात होता. त्याचे वरचे स्लॅब आमच्या खिडकीतून दिसायचे. तिथे काम करणाऱ्या पोरांपैकी एकाकडे बेचकी होती. तो दुपारी तिने पाखरं मारायचा. एकदा त्याचा खडा आमच्या चौकात पडला होता, त्यावरून शिवीगाळ झाली होती. एवढं सगळ्यांना माहीत होतं.

ती रविवारची सकाळ होती. भाऊ आत झोपला होता, मी ओट्यापाशी नारळ खवत होते. बाहेरच्या खोलीत काचेवर टक् असा आवाज आला, जोरात नाही, नाणं आपटावं तसा. बाबा गॅलरीतूनच म्हणाले, ‘‘काच फुटली काय बघ गो.’’ मी हात पुसत बाहेर आले. आमच्या खिडकीची काच दुधी आहे, तिच्यातून पलीकडचं दिसत नाही, फक्त बाबांची सावली दिसली. ती सावली चौकाकडे वळली, आवाज कुठून आला ते बघायला. मग पुन्हा काहीतरी फटकन वाजलं आणि सावली खाली गेली.

मी दारात पोचले तेव्हा बाबा गुडघ्यांवर होते. दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांच्या फटीतून रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलेलं. ते ओरडत नव्हते. घशातून एक घरघर येत होती, कापताना बकऱ्याची येते तशी. सगळी कबुतरं एकदम उडाली होती आणि त्यांची पिसं खाली येत होती. मी त्यांचे हात बाजूला केले. उजवी पापणी फाटली होती आणि तिच्या मागे डोळा म्हणावं असं काही राहिलं नव्हतं, लाल आणि काळं आणि पाणी. ‘‘माका दिसना नाय,’’ बाबा म्हणाले. ‘‘गो बाय, माका काय दिसना नाय.’’ मी टॉवेल दाबला. जमिनीवरची ज्वारी त्यांच्या रक्ताने ओली होऊन माझ्या तळव्यांना चिकटत होती.

सगळ्या मजल्यांवर दारं उघडली. तेव्हा समोरून काकांचा आवाज आला. ते त्यांच्या गॅलरीत उभे होते, बनियनवर, हात वर करून टॉवरकडे दाखवत. ‘‘वरून आलं ते,’’ ते म्हणाले. ‘‘मी बघितलं. तो बेचकीवाला. पळतोय बघा.’’

ते मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि मलाही ते खरं वाटलं. भाऊ उठून माझ्या मागे आला होता. त्याने बाबांकडे एकदा बघितलं आणि जिना उतरला. पायांत चप्पलही घातली नाही.

मी आणि शेजारच्या वहिनी बाबांना टॅक्सीत घालून परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. टॅक्सीत बाबांना ओकारी झाली. कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टरणीने टॉवेल काढला, टॉर्च मारली, आणि तिचा चेहरा बदलला ते मी बघितलं. एक्स-रे काढला. तिने तो उजेडाला धरून मला दाखवला. कवटीच्या खोबणीत एक छोटा पांढरा ठिपका होता, डमरूसारखा मध्ये बारीक.

‘‘हा खडा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘शिशाचा छर्रा आहे. एअरगनचा. डोळा वाचणार नाही, काढावा लागेल. तुम्ही सही कराल?’’

मी सही केली. बाबांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले होते, आणि बेचकी आणि एअरगन या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींशेजारी ठेवून बघत होते. तेवढ्यात दारातून आणखी एक स्ट्रेचर आलं. त्यावर एक काटकुळा माणूस होता, पंचवीसेक वर्षांचा. त्याची खाकी पँट मांडीपाशी आतून टोचली जात होती, कारण हाड बाहेर आलं होतं. खालचा जबडा एका बाजूला सरकून लोंबत होता. तोंडातून रक्ताच्या लाळेची तार स्ट्रेचरच्या कडेवरून खाली आली होती. त्याच्या मागे दोन हवालदार, आणि हवालदारांच्या मागे चाळीतली पोरं, आणि त्यांत माझा भाऊ.

भावाचा शर्ट पोटावर लाल होता. तो सरळ माझ्याकडे आला.

‘‘भेटला, ताई,’’ तो म्हणाला. ‘‘फोडला त्याला.’’

त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी म्हटलं, ‘‘तो छर्रा होता. बंदुकीचा.’’ त्याला ऐकूच आलं नाही. त्याने मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. कुणीतरी व्हिडिओ काढून चाळीच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात वाळूच्या ढिगावर तो माणूस दोन्ही हात जोडून बसलेला होता. पहिला फटका काकांनी मारला. त्यांच्या हातात स्टंप होता, तो त्यांनी जबड्यावर मारला, आडवा, पूर्ण जोर लावून. माणूस कलंडला. मग माझ्या भावाच्या हातात तिथलीच एक सळई आली. मांडीवर पहिल्या घावाने काही झालं नाही, दुसऱ्याने काहीतरी मोडल्याचा आवाज आला, ओली फांदी मोडते तसा, आणि व्हिडिओ काढणारा म्हणाला, ‘‘अजून एक.’’ भावाने अजून एक मारला. मी मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

दुपारी बाबांचे कपडे आणायला घरी आले. खिडकीची काच तडकली होती, पण पडली नव्हती. मधोमध वाटाण्याएवढं भोक होतं. पहिला आवाज आला होता तो हा. म्हणजे पहिला छर्रा काचेतून आत आला होता. मी तो शोधायला समोरच्या भिंतीकडे बघितलं. भोकाच्या उंचीवर काही नव्हतं. त्याच्या खाली काही नव्हतं. भिंत कोरी होती. मी मान वर केली तेव्हा माळ्याच्या फळीच्या थोडं खाली प्लॅस्टर उडालेलं दिसलं, आणि त्यात चेपलेलं शिसं.

 टॉवर वर होता. वरून मारलेली गोष्ट आत येताना खाली जाते. ही वर गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात जाण्याआधी मी स्टूल घेतलं आणि मोजलं. भोक आमच्या फरशीपासून साडेपाच फूट. भिंतीवरची खूण नऊ फूट एक इंच. म्हणजे छर्रा आत आल्यावर त्रेचाळीस इंच वर चढला. खिडकीपासून भिंत बारा फूट, म्हणजे एकशे चव्वेचाळीस इंच. झाला काटकोन त्रिकोण: जमिनीला समांतर एक बाजू एकशे चव्वेचाळीस, उभी बाजू त्रेचाळीस, आणि छर्रा ज्या रेघेत गेला तो कर्ण. कोन माहीत नाही. समोरची बाजू भागिले लगतची बाजू म्हणजे टॅन. त्रेचाळीस भागिले एकशे चव्वेचाळीस, शून्य पॉइंट तीनला अगदी किंचित कमी. मोबाइलवर त्याचा टॅन इन्व्हर्स काढला. साडेसोळा अंशांच्या जरासा वर.

शाळेत आम्ही इथे थांबतो. उत्तराखाली रेघ मारायची आणि पुढचं उदाहरण. पण कोन मिळाला की तीच रेघ काचेच्या बाहेरही ओढता येते. चौक आणि आमची गॅलरी धरून समोरच्या कठड्यापर्यंतचं अंतर चाळीस फूट, ते गणपतीच्या मांडवाच्या वेळी दरवर्षी मोजलं जातं. चाळीसला शून्य पॉइंट तीनने गुणलं की बारा. रेघ भोकापासून बारा फूट खाली सुरू झाली होती. भोक आमच्या फरशीच्या वर साडेपाच फूट, म्हणून ती जागा आमच्या फरशीच्या साडेसहा फूट खाली. चाळीचा मजला अकरा फुटांचा. म्हणजे समोरच्या इमारतीत, खालच्या मजल्याच्या फरशीपासून साडेचार फूट. उभ्या माणसाच्या खांद्याची उंची.

आडवंही बघितलं. भिंतीवरची खूण भोकाच्या सरळ रेषेपासून जेमतेम वीतभर बाजूला होती. चौक ओलांडताना ती वीत वाढून अडीच फूट होते, दुसरी खोली लागत नाही.

काचेने छर्रा थोडा वळवला असेल, हे मला कळत होतं. म्हणून मी उलट्या बाजूने तपासलं. दुसऱ्या कुठल्या जागेवरून मारला असता तर कोन किती आला असता? समोर आमच्याच मजल्यावरून मारला असता तर जवळजवळ सपाट, एखाददुसरा अंश. दोन मजले खालून, तीस. टॉवरवरून तर खूण भोकाच्या खालीच हवी. काच कोनात एखादा अंश इकडेतिकडे करेल, मजला बदलणार नाही.

मी स्टुलावर उभी असताना भाऊ आला. रात्री चौकीवर बसवून त्याला सकाळी सोडलं होतं. पोलिसांनी मारहाण ‘जमावाने’ केली असं लिहून घेतलं होतं, आणि वॉर्डात त्या मजुराच्या खाटेशी हवालदार बसवला होता.

‘‘काय करतेयस?’’ त्याने विचारलं, आणि न सांगताच टेपचं दुसरं टोक धरलं. तो रोज ऑफिसांत पाइप मोजतो, त्याला आकडे कळतात. त्याने भिंतीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

‘‘टॉवर नाय,’’ तो म्हणाला.

‘‘नाही.’’

‘‘मग तो...’’  तो दारात जाऊन उभा राहिला आणि समोर, एक मजला खाली बघू लागला. तिथे एक धुतलेली लुंगी वाळत होती. माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा मी ओळखला नाही. ‘‘काकांनी मला सळई दिली, ताई,’’ तो म्हणाला. ‘‘हातात आणून दिली. म्हणाले, बापासाठी एवढं कर.’’

मी दारात त्याच्या आडवी आले. म्हटलं, पोलिसांकडे जाऊ, आत्ता, दोघं जाऊ. त्याने मला खांद्याने बाजूला ढकललं, तशी मी कपाटावर आदळले आणि कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त येत असतानाच मी त्याच्या मागे जिना उतरले, चौक ओलांडला, समोरचा जिना चढले. पोचेपर्यंत आतून खुर्ची मोडल्याचा आवाज आला होता.

काका पलंगाखाली अर्धे शिरले होते. भावाने त्यांना पायाला धरून बाहेर ओढलं, आणि त्यांच्या हाताबरोबर एक लांब गोष्ट बाहेर आली, जुन्या चादरीत गुंडाळलेली. एअरगन होती. भावाने ती हिसकावली आणि नळीकडून धरून दस्ता त्यांच्या तोंडावर घातला. समोरचे दात गेले, मला ते फरशीवर पडलेले दिसले. काकांनी हात मध्ये घातला तर दुसरा घाव हातावर, बोटं उलटी वळली.  भाऊ एसीचा जाम झालेला नट काढताना करतो तसा आवाज करत होता, एकेका घावाला एकेक. मी त्याच्या दंडाला लोंबकळले. दस्ता मागे येताना माझ्या कॉलरबोनवर बसला, आणि ते हाड मोडलं हे मला लगेच कळलं, कारण हात वर होईना. मी तरी त्याच्या पायांत पडून राहिले. शेजारच्या बायकांनी आणि दोन पोरांनी त्याला अखेर भिंतीला दाबून धरलं. बंदुकीचा दस्ता चिरून दोन तुकडे झाला होता.

काका जमिनीवर बसले होते. तोंड रक्ताने भरलेलं. ते माझ्याकडे बघून बोलले, शब्द नीट येत नव्हते. ‘‘ती मरत होती,’’ ते म्हणाले, ‘‘आणि तुझा बाप दाणे टाकत होता.’’

 मला त्यांच्या तोंडावर थुंकायचं होतं आणि त्यांना पाणीही द्यायचं होतं. दोन्ही केलं नाही.

चौकीवर मी गळ्यात हात बांधून गेले आणि सगळं सांगितलं. बंदूक, मोजणी, भावाची सळई, भावाचा दस्ता. साहेब वैतागले होते. ‘‘मॅडम, बंदूक मिळाली, केस झाली,’’ ते म्हणाले. ‘‘तो कोनबिन कशाला? आणि भावाचं कशाला लिहायला लावताय? व्हिडिओत गर्दी आहे, चेहरे हलतायत.’’

‘‘त्याचा चेहरा हलत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘आणि तो मजूर अजून तुमच्या हवालदाराच्या पहाऱ्यात आहे.’’

भावाला दोन्ही गुन्ह्यांत अटक झाली. काकांना हॉस्पिटलातून सोडल्यावर. मजुराच्या खाटेपासचा हवालदार उठला.

मी त्याला बघायला गेले. बाबा वरच्या मजल्यावर होते, तो खालच्या. जबडा तारांनी बांधलेला, पाय वजनाला टांगलेला. झारखंडचा होता, सोबत कुणी नव्हतं. मी माझ्या शाळकरी हिंदीत सगळं सांगितलं: गोळी तुझ्याकडून आली नव्हती हे मी मोजून काढलं, पोलिसांना दिलं, तुझ्यावर आता काही नाही. त्याने दात न उघडता, तारांमागून उत्तर दिलं. मला नीट कळावं म्हणून दोनदा म्हणाला. ‘‘मॅडम, नापना था तो पहले नापते.’’

मी त्याला सांगू शकले असते की तेव्हा मी हॉस्पिटलात होते. सांगितलं नाही. संत्री ठेवली. तारांमुळे त्याला ती खाता येणार नव्हती, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

चाळीत आमच्याशी बोलणं बंद झालं. ‘अजून एक’ म्हणणाऱ्याला आणि त्याच्या सोबतच्या पोरांनाही व्हिडिओवरून बोलावणं आलं, ते माझ्यामुळे असं ठरलं. एका संध्याकाळी जिन्यावर कुणीतरी मागून माझी वेणी ओढून मला चार पायऱ्या खाली पाडलं. कोण ते बघितलं, नाव सांगितलं नाही. दारावर कबुतरं मारून टाकली जायची, मान पिरगळलेली. बाबा ती उचलून कागदात गुंडाळायचे. त्यांना आता वस्तू किती लांब आहे ते कळत नसे, हात कबुतराच्या पुढे पडायचा, मग चाचपत मागे यायचा. दाणे टाकणं त्यांनी बंद केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

भोईवाड्याच्या कोर्टात केस उभी राहायला बराच काळ गेला. प्रयोगशाळेची माणसं मध्यंतरी येऊन त्यांच्या पद्धतीने, काठी आणि लेझर लावून मोजून गेली होती. त्यांचं उत्तर माझ्याशी जुळलं. छर्रे त्याच बंदुकीचे निघाले. आता काकांनी मारलंच नाही असं त्यांच्या वकिलांना म्हणता येत नव्हतं. ते म्हणाले, नेम कबुतरावर होता, म्हातारा मध्ये आला, अपघात.

मी पिंजऱ्यात उभी होते. वकील चांगले होते, आवाज चढवत नव्हते.

‘‘बाई, तुम्ही बंदुकीच्या तज्ज्ञ आहात?’’

‘‘नाही. मी शाळेत शिकवते.’’

‘‘मग माझ्या अशिलाच्या मनात काय होतं ते तुमचा कोन सांगतो का?’’

‘‘मनातलं नाही सांगत,’’ मी म्हटलं. ‘‘पण रेघ कठड्यावरून किती उंचीने गेली ते सांगतो.’’

न्यायाधीशांनी विचारलं, कसं? मी सांगितलं. काचेवरचं भोक साडेपाच फुटांवर. काचेपासून आमचा कठडा चार फूट बाहेर. त्याच कोनात चार फूट बाहेर जाताना रेघ सव्वा फुटाच्या जरा आत खाली येते. म्हणजे कठड्यावर ती फरशीपासून सव्वाचार फुटांहून जास्त उंचीवर होती. कठडा तीन फुटांचा. कबुतर कठड्यावर बसलं तरी त्याच्या डोक्याच्या वर चार बोटांहून जास्त जागा उरते.

‘‘आणि तुमचे वडील?’’ न्यायाधीशांनी विचारलं.

‘‘बाबा उंचीने कमी आहेत. दाणे टाकायला वाकले की त्यांचं डोकं बरोबर तिथे येतं. पहिला छर्रा कानाजवळून गेला असणार. आवाज ऐकून ते चौकाकडे वळले, तेव्हा दुसरा लागला.’’

 काकांनी मान खाली घातली होती. त्यांना नवे दात बसवले होते, त्यामुळे चेहरा वेगळाच, कुणा परक्याचा वाटत होता. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि मला आठवत होतं ते सगळं त्यांच्या जुन्या चेहऱ्याचं होतं.

मजूर साक्षीला आला. त्याचा पाय आखूड झाला होता, काठी होती. सरकारी वकिलांनी विचारलं, मारणारे इथे आहेत का. त्याने काठीनेच दाखवलं, आधी काकांकडे, मग माझ्या भावाकडे. भावाच्या वकिलाने उठून काही म्हणायच्या आत भाऊ म्हणाला, ‘‘बरोबर सांगतोय तो. मीच.’’ वकिलाने कपाळाला हात लावला.

दोघांनाही शिक्षा झाली. काकांना जास्त, भावाला कमी. त्याने आधी तुरुंगात काढलेले महिने त्यातून वजा झाले. मजूर निकालाला नव्हता. त्याला नुकसानभरपाई द्यायचा आदेश निघाला, पण त्याचा पत्ता टॉवरवाल्या ठेकेदाराकडे होता, आणि ठेकेदार कधीच निघून गेला होता. मी शोधायचा प्रयत्न केला. अजून लागलेला नाही.

भाऊ सुटून आला तेव्हा दुपार होती. मी आणायला गेले होते. चौकातून येताना कुणी हाक मारली नाही, कुणी दारही लावलं नाही, लोक नुसते उभे होते. बाबा खोलीच्या दारात उभे. भावाने वाकून पाया पडायला हात पुढे केले, तसे बाबा म्हणाले, ‘‘उभो ऱ्हव.’’

तो उभा राहिला. बाबांनी आमच्यावर लहानपणीसुद्धा कधी हात उगारला नव्हता. त्यांनी उजवा हात मागे नेला आणि त्याच्या थोबाडीत मारायला सोडला. एका डोळ्याने त्यांना अंतर कळलं नाही. हात भावाच्या चेहऱ्याच्या बाजूने निसटून दाराच्या चौकटीवर बसला, इतका जोरात की बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलून निघाली. बाबा हात धरून वाकले.

मी पुढे झाले, पण भावाने मला थांबवलं. तो एक पाऊल पुढे सरकला, बाबांच्या अगदी जवळ, आणि त्यांचा दुखरा हात धरून स्वतःच्या गालाला लावला, जागा दाखवावी तसा.

‘‘इथे आहे, बाबा,’’ तो म्हणाला.

बाबांनी हात सोडवून घेतला आणि मारलं. मग आणखी एकदा. त्यांच्या हाताचं रक्त भावाच्या गालावर लागलं. त्यानंतर ते आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. मी त्यांच्या हाताला हळद लावली. भाऊ दारातच उभा होता. शेवटी बाबांनीच, न वळता, मला विचारलं, ‘‘त्याका जेवक वाढलंस?’’